ऐन बहरात दुसऱ्यांची नाटकं: लोर्का आणि ‘ला बाराका’चे चार उन्हाळे

फेदेरिको गार्सिया लोर्का आपल्याकडच्या नाट्यरसिकांना माहीत आहे तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे. एक, त्याच्या तीन ग्रामीण शोकांतिका: ‘रक्तविवाह’, ‘येर्मा’ आणि ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’. दुसरी, त्याचा मृत्यू: ऑगस्ट १९३६, वय अडतीस, ग्रानादाजवळच्या डोंगरउतारावर गोळ्या घालून केलेला खून. या दोहोंच्या मध्ये त्याच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट झाकली जाते. १९३२ ते १९३५ अशी चार वर्षं हा माणूस कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन, मालमोटारीत रंगमंच घालून स्पेनच्या खेड्यापाड्यांत नाटकं करत फिरत होता. ती नाटकं त्याची नव्हती. सर्वांतेस, लोपे दे वेगा, काल्देरोन, तिर्सो दे मोलिना अशा तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखकांची होती. ‘ला बाराका’ या फिरत्या मंडळीत लोर्काने स्वतःचं नाटक लावलं नाही.

हे तो का करत होता, कसं करत होता आणि त्यातून त्याला व त्याच्या प्रेक्षकांना काय मिळालं, हा या प्रकरणाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो: लोर्का मोठा नाटककार झाला तो या चार वर्षांतल्या धुळीमुळे, आणि त्या दौऱ्यांतलं त्याचं दिग्दर्शन ही त्याच्या लेखनाइतकीच गंभीरपणे बघायची गोष्ट आहे.

तोवरचा लोर्का

जन्म ५ जून १८९८, ग्रानादाच्या सुपीक मैदानातलं फुएन्ते वाकेरोस हे गाव. वडील सधन शेतकरी, आई विसेन्ता शिक्षिका. मुलगा आधी संगीताकडे वळला. पियानो उत्तम वाजवायचा, आणि संगीतकार मानुएल दे फाया यांच्या सहवासात त्याला लोकगीतांची गोडी लागली. १९१९ मध्ये तो माद्रिदला विद्यार्थ्यांच्या निवासात, ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’मध्ये, राहायला आला. १९२० मध्ये त्याचं पहिलं नाटक एस्लावा थिएटरात लागलं. फुलपाखराच्या प्रेमात पडलेल्या झुरळाची ती काव्यमय गोष्ट प्रेक्षकांनी हुल्लड करून हाणून पाडली. १९२७ मध्ये मार्गारिता शिर्गू या थोर नटीने बार्सेलोनात त्याचं ‘मारियाना पिनेदा’ केलं. नेपथ्य साल्वादोर दालीचं होतं. १९२८ मध्ये ‘जिप्सी पोवाडे’ हा काव्यसंग्रह आला आणि लोर्काचं नाव घरोघरी पोचलं.

थोडक्यात, १९३१ साली तो कवी म्हणून प्रसिद्ध होता, पण नाटककार म्हणून त्याची मांड अजून पक्की बसली नव्हती. ‘रक्तविवाह’ने त्याला खरं यश दिलं ते मार्च १९३३ मध्ये. म्हणजे फिरत्या रंगभूमीचं काम त्याने हाती घेतलं तेव्हा यश यायचं होतं. ते आल्यावरही त्याने हे काम सोडलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक सरकार, एक मंत्री, एक कल्पना

१४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये राजेशाही संपून दुसरं प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने ज्या गोष्टींवर लगेच लक्ष दिलं त्यांत शाळा आणि खेडी होती. मेच्या अखेरीस ‘शैक्षणिक मोहिमा’ स्थापन झाल्या. मानुएल बार्तोलोमे कोस्सिओ या वृद्ध शिक्षणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तरुण शिक्षक खेचरांवर सामान लादून दूरच्या गावांत पुस्तकं, ग्रामोफोन, सिनेमा आणि प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती घेऊन जाऊ लागले. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी पाच हजारांहून अधिक छोटी ग्रंथालयं उभी केली. त्यांचंही एक नाटक-पथक होतं, आलेहांद्रो कासोना या नाटककाराच्या हाताखाली. ते प्रामुख्याने छोट्या, सोप्या नाटिका करायचं.

लोर्काची कल्पना याच वातावरणात जन्मली, पण ती वेगळी होती. माद्रिदच्या विद्यार्थी संघटनेत फिरत्या नाटकाची चर्चा चालूच होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये एका रात्री लोर्का चिलीचा मुत्सद्दी कार्लोस मोर्ला लिंच याच्या घरी उत्साहाने फुलून आला आणि जमलेल्या मित्रांसमोर त्याने सगळा बेत मांडला. विद्यापीठाची रंगभूमी उभी करायची. एक भाग माद्रिदमध्ये कायमचा, दुसरा सुट्टीच्या दिवसांत गावोगाव फिरणारा. माद्रिदचा कायमचा मांडव कधीच झाला नाही. फिरता भाग तेवढा झाला आणि त्यालाच जत्रेतल्या लाकडी खोपटाचं नाव मिळालं: ‘ला बाराका’.

बेत तडीस गेला याचं एक साधं कारण होतं. डिसेंबर १९३१ मध्ये शिक्षणमंत्री झाले फेर्नांदो दे लोस रिओस. समाजवादी पक्षाचे नेते, ग्रानादा विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक आणि लोर्का कुटुंबाचे जुने स्नेही. १९२९ च्या जूनमध्ये लोर्का न्यूयॉर्कला गेला तो त्यांच्याच सोबतीने. मंत्रिमहोदयांनी प्रकल्पाला एक लाख पेसेतांचं वार्षिक अनुदान दिलं. मैत्री नसती तर हे झालं असतं का? इतक्या लवकर आणि इतक्या मोकळेपणाने तर नक्कीच नाही. प्रकरणाचं बळ इथेच आहे आणि पुढे उघडं पडलेलं दुबळेपणही इथेच.

संचालनाची रचना मात्र शहाणपणाची होती. समितीत साहित्य-तत्त्वज्ञान शाखेचे चार विद्यार्थी आणि वास्तुशास्त्राचे चार. पहिल्यांनी संहिता बघायच्या, दुसऱ्यांनी मंच आणि नेपथ्य. कलादिग्दर्शक लोर्का, आणि त्याच्या बरोबरीने एदुआर्दो उगार्ते. उगार्तेचं नाव फार घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं. तो स्वतः नाटककार, हॉलिवूडमध्ये काम करून आलेला, अबोल आणि नेमका. लोर्का तालमीत भरभरून दाखवायचा, उगार्ते मागे बसून काय जमलं नाही ते टिपायचा. अशी जोडी ज्या नाट्यसंस्थेत असते तिथे काम पुढे सरकतं, हे हौशी नाटकाशी संबंध आलेल्या कुणालाही पटेल.

नटांना पैसे नव्हते. चाचणी घेऊन निवडलेले विद्यार्थी, सगळ्यांना एकच पोशाख: मुलांना निळा कामगारी डगला, मुलींना निळा झगा आणि पांढरी कॉलर. छातीवर बिल्ला, चाकाच्या मध्ये मुखवटा; तो चित्रकार बेनहामिन पालेन्सियाने काढलेला. नेपथ्यासाठी मालमोटार, नटांसाठी पोलीस खात्याच्या गाड्या, चालकही त्याच खात्याचे. गावात पोचलं की सगळ्यांनी मिळून फळ्या जोडायच्या, दिवे लावायचे, पडदे टांगायचे. नायकाचं काम करणारा मुलगाही खिळे ठोकायचा. श्रेयनामावलीत नटांची नावं मोठी-लहान करायची नाहीत असा दंडक होता. व्यावसायिक रंगभूमीवर तेव्हा प्रमुख नटनटीचं राज्य होतं. लोर्काला ती पद्धत मोडायची होती.

जुलै १९३२: पहिला दौरा

१० जुलै १९३२ रोजी सोरिया प्रांतातल्या बुर्गो दे ओस्मा या जुन्या धर्मपीठाच्या गावी पहिला प्रयोग झाला. सर्वांतेसची तीन छोटी प्रहसनं होती. भोळा नवरा, चतुर बायको, वाचाळ माणसं, भुकेला विद्यार्थी. गावकऱ्यांना ती लगेच भिडली, यात नवल नाही. ती लिहिलीच होती चौकातल्या हशासाठी, आणि सर्वांतेसच्या हयातीत तर ती रंगमंचावर आलीही नव्हती. तिथून मंडळी सान लेओनार्दो, विनुएसा, सोरिया शहर, आग्रेदा, आल्मासान अशी फिरली.

पण लोर्काने या पहिल्याच दौऱ्यात प्रहसनांच्या जोडीला जे दुसरं नाटक घेतलं ते ऐकून माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. काल्देरोनचं ‘जीवन हे स्वप्न’. त्याची प्रसिद्ध तीन अंकी नाट्यकृती नव्हे, तर त्याच नावाचं, पवित्र प्रसादाच्या सणासाठी लिहिलेलं धार्मिक रूपकनाट्य. त्यात पात्रं कोण? पृथ्वी, आप, वायू, अग्नी, शक्ती, प्रज्ञा, प्रेम, मनुष्य, ईश्वरी कृपा आणि छाया. भाषा सतराव्या शतकातली, अलंकारांनी लगडलेली, तर्काच्या साखळ्या घालत जाणारी. ज्या गावात अनेकांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिथे हे घेऊन जायचं, तेही पहिल्याच खेपेला.

लोर्काने त्यामागचा विचार प्रयोगाआधीच्या आपल्या निवेदनात मांडला होता. स्पॅनिश रंगभूमीची दोन टोकं त्याला दाखवायची होती: सर्वांतेसकडून माणसाचं, मातीचं नाटक, आणि काल्देरोनकडून आत्म्याचं. छायेची भूमिका त्याने स्वतः केली, काळ्या झिरझिरीत कापडांत लपेटून, चंद्रप्रकाशासारख्या थंड उजेडात. मोठ्या नाट्यलेखकाने या मंडळीत स्वतःसाठी राखलेली भूमिका हीच, बाकी तो पडद्यामागे असायचा.

टीका दोन्हीकडून आली. प्रजासत्ताकाच्या पैशातून चर्चचं नाटक कशाला, असं काही पुरोगाम्यांना वाटलं. उलट उजव्यांना वाटलं की ही लाल पोरं आमच्या पवित्र नाटकाची विटंबना करतायत. सोरियात दुएरो नदीकाठच्या सान हुआन मठाच्या भग्नावशेषांत प्रयोग चालू असताना विरोधकांनी गोंधळ घातला. आणि मग आल्मासानचा तो प्रयोग, ज्याच्याबद्दल लोर्का पुढे सांगत असे: उघड्या चौकात हेच रूपकनाट्य चालू असताना पाऊस आला, नट भिजत बोलत राहिले आणि लोक जागचे हलले नाहीत. सांगणारा कवी होता, तेव्हा थोडा रंग चढला असेलही. पण नंतरही ते नाटक खेळांच्या यादीत टिकून राहिलं. प्रेक्षकांनी पाठ फिरवली असती तर ते टिकलं नसतं.

सगळ्या प्रकरणाचा कस मला याच निवडीत दिसतो. खेड्यातल्या माणसासाठी नाटक करायचं म्हटलं की शहरी कलावंताचा हात आपोआप सोप्याकडे, बोधाकडे, छोट्याकडे जातो. कासोनाच्या पथकाने तो मार्ग जाणीवपूर्वक घेतला आणि अतिशय दुर्गम गावांत चांगलं काम केलं. त्याला कमी लेखायचं कारण नाही. लोर्काने दुसरा डाव मांडला. अवघड गोष्ट अवघडच ठेवायची, पण ती डोळ्यांना आणि कानांना स्वच्छ दिसली-ऐकू आली पाहिजे. रंग ठळक, हालचाली जवळजवळ नृत्यासारख्या मोजलेल्या, ओळ कुठे तोडायची आणि कुठे श्वास घ्यायचा हे ताला-सुरात बसवलेलं. अर्थाचा प्रत्येक धागा कळला नाही तरी प्रसंग कळावा. तालमीत तो नटांकडून पद्य असं म्हणवून घ्यायचा की ते गाणंही होऊ नये आणि गद्यही होऊ नये. पियानोवर घडलेले त्याचे कान इथे कामी आले.

आपला प्रेक्षक कोण याबद्दलही त्याने स्पष्ट मत मांडलं होतं. त्याच्या मते नाटक खऱ्या अर्थाने घेणारे लोक दोन टोकांना सापडतात: शिकलेसवरलेले कलाप्रेमी, आणि अगदी गरीब, अडाणी, पण अजून न बिघडलेली जनता. मधला सुखवस्तू, करमणूकखोर वर्ग त्याला नको होता. या मताशी मी अर्धाच सहमत आहे. ‘न बिघडलेली जनता’ या कल्पनेत शहरातल्या कवीचा भाबडेपणा आहे. खेड्यातल्या माणसांनाही आवडीनिवडी असतात, कंटाळा येतो, आणि कधी कधी पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून ते बसूनही राहतात. पण चुकीच्या दिशेने चुकायचंच असेल तर प्रेक्षकाला जास्त हुशार समजून चुकावं, आणि लोर्का त्याच दिशेने चुकला.

फुएन्ते ओबेहुना: काय कापलं आणि का

या मंडळीची सर्वांत गाजलेली आणि सर्वांत वादग्रस्त निर्मिती म्हणजे लोपे दे वेगाचं ‘फुएन्ते ओबेहुना’. ३१ मे १९३३ रोजी वालेन्सियात पहिला प्रयोग झाला.

मूळ घटना खरी आहे. १४७६ मध्ये कोर्दोबा प्रांतातल्या या गावच्या लोकांनी आपल्यावर जुलूम करणाऱ्या सरदाराला, फेर्नान गोमेस दे गुस्मानला, ठार मारलं. चौकशीसाठी न्यायाधीश आला, त्याने छळ केला. कुणी मारलं, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच: फुएन्ते ओबेहुनाने. लोपेने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला यावर नाटक लिहिलं. त्यात गावाच्या गोष्टीला एक राजकीय उपकथानक जोडलेलं आहे: कालात्रावाच्या सरदारसंघाचं बंड आणि इसाबेल-फेर्नांदो हे राजाराणी. शेवटी राजा गावाला माफ करतो. अन्याय सरदाराचा होता, न्याय राजाने केला, अशी ती घडी बसते.

लोर्काने रंगावृत्ती करताना राजाराणी काढून टाकले. बंडाचं उपकथानकही काढलं. उरलं ते गाव, त्याच्यावरचा जुलूम, बलात्काराच्या प्रसंगानंतर लाउरेन्सिया गावातल्या पुरुषांना घालून पाडून बोलते ते दाहक भाषण, खून, छळ आणि गावाचं एकमुखी उत्तर. पात्रांना त्याने विसाव्या शतकाचे कपडे चढवले. सरदार झाला शहरी सुटातला जमीनदार-पुढारी, शेतकरी झाले आजचे शेतकरी. नेपथ्य आणि पोशाख शिल्पकार आल्बेर्तो सान्चेसचे, मातीच्या रंगांत. लग्नाच्या प्रसंगात खरी लोकगीतं आणि नाच आले. लोर्काने १९३१ मध्ये गायिका-नर्तिका ला आर्खेन्तिनिताबरोबर जुन्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका केल्या होत्या, स्वतः पियानोवर साथ करून. तो साठा त्याच्यापाशी होता.

हे कधी, हे ध्यानात घ्यायला हवं. शेतजमीन सुधारणेचा कायदा सप्टेंबर १९३२ मध्ये मंजूर झाला होता आणि अंमलबजावणी रखडली होती. जानेवारी १९३३ मध्ये कादिस प्रांतातल्या कासास विएहास या गावात भूमिहीन मजुरांचा उठाव सरकारी दलांनी झोपडी पेटवून आणि माणसांना गोळ्या घालून चिरडला होता. साऱ्या देशात त्यावरून खळबळ होती. अशा वेळी गावकरी जमीनदाराला मारतात आणि त्यांना माफ करायला वर कुणी राजा नाही, असं नाटक गावच्या चौकात उभं राहिलं.

लोर्काने कापलं ते बरोबर केलं का? यावर माझं मत वाचता वाचता बदलत गेलं. त्याच्या बाजूने असं म्हणता येतं की उपकथानक आजच्या प्रेक्षकाला परकं आहे, गावाची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्ण उभी राहते, आणि जुनं नाटक जिवंत ठेवायचं तर कुणीतरी कात्री हातात घ्यावीच लागते. आपण राजकारण करत नाही, उत्तम कला लोकांपर्यंत नेतो, असं लोर्का सांगत राहिला. पण राजाची क्षमा काढल्यावर शेवटाचा अर्थ बदलतो, हे त्याच्यासारख्या रचनाकाराला कळलं नसेल असं मला वाटत नाही. ती निवड राजकीयच होती आणि तिचं समर्थन राजकीय अंगानेच करायला हवं होतं. लोपेने गावाला आवाज दिला आणि निकाल राजाच्या हाती ठेवला. लोर्काने निकालही गावाच्या हाती दिला. दिग्दर्शक म्हणून मला तो शेवट जास्त धाडसी वाटतो, आणि त्याला ‘केवळ कला’ म्हणणं मात्र कमी प्रामाणिक.

एक गोष्ट मात्र विसरू नये. मंडळीतले सगळे एका विचाराचे नव्हते. नेपथ्य करणाऱ्यांत आल्फोन्सो पोन्से दे लेओन हा चित्रकार होता, जो फालान्हे या फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३६ मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी त्याला माद्रिदमध्ये ठार मारलं. एकाच मालमोटारीतले पडदे रंगवलेली माणसं चार वर्षांत दोन्ही बाजूंच्या गोळ्यांना बळी पडली.

पैसा

अनुदानाची गोष्ट थोडक्यात सांगता येते आणि ती आपल्याला ओळखीची वाटेल. जून १९३३ मध्ये दे लोस रिओस यांच्याकडचं शिक्षण खातं गेलं. नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत उजवे पक्ष जिंकले. १९३४ मध्ये अनुदान निम्म्यावर, पन्नास हजार पेसेतांवर आलं. ‘ग्रासिया इ हुस्तिसिया’ या उजव्या विनोदी साप्ताहिकाने मंडळीवर आधीपासूनच झोड उठवली होती: मुलंमुली एकत्र फिरतात, जनतेचा पैसा उधळतात, आणि लोर्काच्या समलैंगिकतेवर घाणेरड्या कोट्या. दौरे थांबले नाहीत, पण लांबी आणि संख्या घटली.

एका मंत्र्याच्या स्नेहावर उभी असलेली संस्था त्या मंत्र्याबरोबर डगमगते, हे दिसत असूनही पर्यायी आधार कुणी उभा केला नाही. विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकात तिला कायमची जागा दिली असती, किंवा माद्रिदचा कायमचा मांडव उभा राहून त्याच्या तिकिटांवर दौरे चालले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. मूळ बेतातला हा अर्धा भाग सोडून दिला गेला, ही माझ्या मते व्यवस्थापनाची सर्वांत मोठी चूक.

नाटककाराला काय मिळालं

हिशेबाची एक बाजू लोर्काने स्वतःच सांगितली आहे. या मंडळीसाठी आपण कित्येकदा कविता लिहायची थांबवली, नाटक पुरं करायचं राहिलं. ‘येर्मा’ तर केव्हाच संपली असती, मध्येच दौऱ्यावर निघालो नसतो तर. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. ‘ला बाराका’ हेच आपलं सगळं काम आहे, साहित्यापेक्षाही तेच आपल्याला जास्त ओढतं, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसरी बाजू त्याच्या नाटकांतच दिसते. ‘रक्तविवाह’ त्याने लिहिलं ते १९३२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पहिल्या दौऱ्याच्या त्याच मोसमात. १९२८ मध्ये आल्मेरियातल्या निहार इथे घडलेल्या एका खुनाची बातमी त्याच्या मनात चार वर्षं पडून होती. तिला रूप मिळालं ते काल्देरोनच्या रूपकपात्रांच्या तालमी चालू असताना. नाटकाच्या तिसऱ्या अंकात चंद्र तरुण लाकूडतोड्याच्या रूपात येतो, मृत्यू भिकारणीच्या रूपात. वास्तववादी ग्रामीण नाटकात ही पात्रं अशी निःसंकोच चालत येतात, कारण लेखक त्याच महिन्यांत छाया आणि चार महाभूतं रंगमंचावर उभी करत होता आणि चौकातला प्रेक्षक ती स्वीकारतो हे त्याने पाहिलेलं होतं. दोन्ही कामं एका वेळी, एकाच माणसाच्या हातून चालली होती.

‘येर्मा’मधला धोबिणींचा समूह, शेवटची यात्रा, तिथला मुखवटे घातलेल्या नर-मादीचा नाच, यांच्यावर ‘फुएन्ते ओबेहुना’च्या गावसमूहाची छाप आहे. लोपेकडून लोर्का हे शिकला की गाव हेच पात्र असू शकतं, आणि लोकगीत सजावटीसाठी न येता कथानक पुढे नेऊ शकतं. २९ डिसेंबर १९३४ रोजी माद्रिदच्या एस्पान्योल थिएटरात शिर्गूने ‘येर्मा’ केली तेव्हा उजव्यांनी सुरुवातीला आरडाओरडा केला, पण नाटक चाललं. फेब्रुवारी १९३५ मध्ये नटांसाठी झालेल्या एका खास प्रयोगाच्या वेळी लोर्का बोलला, की जो समाज आपल्या रंगभूमीला मदत करत नाही, तिला वाढवत नाही, तो मेला नसेल तर मरणपंथाला लागलेला असतो. सभागृहातल्या टाळ्यांसाठी केलेलं ते वाक्य नव्हतं. अनुदान निम्मं झालेल्या मंडळीचा दिग्दर्शक ते बोलत होता.

मधल्या काळात तो ऑक्टोबर १९३३ ते मार्च १९३४ आर्जेन्टिनात होता. तिथे ‘रक्तविवाह’ला अफाट गर्दी झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हाती स्वतःचा पैसा आला. परत आल्यावर त्याला पोलीस गाडीत बसून खेड्यात जायची काहीही गरज नव्हती. तरी ऑगस्ट १९३४ मध्ये तो सान्तान्देरला मंडळीबरोबर होता, तिर्सोच्या ‘सेवियाचा छळवादी’ या, डॉन हुआन या स्त्रियांना फसवणाऱ्या नायकावरच्या मूळ नाटकासाठी. त्याच दिवसांत त्याचा मित्र, बैलझुंजार इग्नासियो सान्चेस मेहियास, मान्सानारेसच्या रिंगणात जखमी होऊन १३ ऑगस्टला वारला. त्याच्यावरची लोर्काची विलापिका स्पॅनिशमधल्या थोर शोककवितांपैकी एक आहे.

कसं संपलं

१९३५ च्या उन्हाळ्यात लोपेच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीनिमित्त ‘ओल्मेदोचा सरदार’ झाला. त्यानंतर लोर्का हळूहळू दूर झाला. १९३६ च्या सुरुवातीला दिग्दर्शन दुसऱ्यांच्या हाती होतं. १९ जून १९३६ ही तारीख ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’च्या हस्तलिखितावर आहे. महिन्याभरात लष्कराचं बंड झालं आणि यादवी युद्ध पेटलं. लोर्का ग्रानादाला घरी होता. १६ ऑगस्टला त्याचा मेहुणा, शहराचा समाजवादी महापौर, गोळ्यांना बळी पडला आणि त्याच दिवशी लोर्काला कवी लुइस रोसालेसच्या घरातून पकडून नेलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत वीस्नार आणि आल्फाकार या गावांमध्ये त्याला मारण्यात आलं. सोबत एक शाळामास्तर आणि दोन बैलझुंजार होते. त्याचं दफन कुठे झालं ती जागा अजून सापडलेली नाही.

ग्रानादा पोलिसांनी १९६५ मध्ये लिहिलेला एक अहवाल २०१५ साली उजेडात आला. त्यात लोर्काला समाजवादी म्हटलं आहे, आणि आधार दिला आहे तो फेर्नांदो दे लोस रिओस यांच्याशी असलेल्या संबंधाचा. ज्या मैत्रीने मालमोटार आणि एक लाख पेसेता मिळाले, तीच मैत्री कागदोपत्री आरोप झाली.

मंडळीचा चिटणीस राफाएल रोद्रिगेस रापुन हा खाणकाम-अभियांत्रिकीचा विद्यार्थी लोर्काचा प्रियकर होता. तो प्रजासत्ताकाच्या सैन्यात गेला आणि ऑगस्ट १९३७ मध्ये सान्तान्देरच्या लष्करी रुग्णालयात जखमांनी वारला. उगार्ते मेक्सिकोत निर्वासित झाला. मोदेस्तो इगेरास या ‘बाराका’च्या नटाने स्पेनमध्येच राहून युद्धानंतर हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीतल्या विद्यापीठ रंगभूमीचं दिग्दर्शन केलं. जुन्या अभिजात नाटकांवरच ती रंगभूमीही उभी राहिली, आणि निळ्या डगल्यातल्या दिवसांत शिकलेली मंचाची शिस्त नव्या राजवटीच्या झेंड्याखाली चालू राहिली. इगेरासवर यासाठी टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. त्याने काम जिवंत ठेवलं आणि ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव नंतर मोकळेपणाने सांगितलं.

लोर्काने ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ला उपशीर्षक दिलं होतं: स्पेनच्या गावांतल्या स्त्रियांचं नाटक. पद्य जवळजवळ टाकून दिलेलं, पांढऱ्या भिंतींचं, थोड्या सामानात उभं राहणारं. चार वर्षं गावोगाव फळ्या जोडल्यावर नाटककार असं लिहितो, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. त्याचा पहिला प्रयोग शिर्गूने केला, ८ मार्च १९४५ रोजी, ब्वेनोस आइरेसमध्ये. स्पेनच्या व्यावसायिक रंगभूमीवर ते यायला १९६४ उजाडलं, आणि तेही माद्रिदमध्ये. ज्या गावांचं ते होतं, तिथे तोवर ते कुणी नेलं नव्हतं.